रेटिना थिएटरमधला मंगळवार

सकाळी पावणेसात

मंगळवार आमच्याकडे रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा. मोतीबिंदूच्या दिवशी वीस-पंचवीस केसेस होतात आणि दुपारच्या जेवणाआधी ओटी धुऊनसुद्धा होते. रेटिनाच्या दिवशी चार केसेस लागल्या तरी अंधार पडल्याशिवाय घर दिसत नाही. कोल्हापुरातलं हे हॉस्पिटल मध्यम आकाराचं. पेशंट शिरोळ-सांगलीपासून कणकवली-सावंतवाडीपर्यंतचे, अधूनमधून निपाणीचेही. मी इथली स्क्रब सिस्टर. मॅडम ऑपरेशन करतात, आणि त्यांनी हात पुढे केला की त्यात नेमकं हत्यार पडायला हवं, ही माझी जबाबदारी. मायक्रोस्कोपवरून नजर काढायची नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे हात नुसता उघडतो. हत्याराचं नाव दरवेळी घेतलं जातंच असं नाही.

पहिलं काम ऑटोक्लेव्हच्या खोलीत. प्रत्येक पॅकमधल्या पट्टीचा रंग पालटलाय का, पॅकवर कालची तारीख आहे का, कुठे ओल राहिलीय का, हे बघून घ्यायचं. ओला पॅक मी परत पाठवते, मग कुणी कितीही घाई करो. तोवर टेक्निशियन दादा मशीन सुरू करतो. डोळ्यातली जेली कापून ओढणारं कटर दाबाखालच्या हवेवर चालतं, म्हणून आधी कॉम्प्रेसर. मग कॅसेट बसवायची, सलाईनसारख्या द्रावणाची बाटली टांगायची आणि सगळ्या नळ्यांमधून ते पाणी खेळवून एकूण एक बुडबुडा बाहेर काढायचा. शेवटी कटरचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून पॅडल दाबून बघायचं. मिनिटाला दहा हजार काप घेणारं पातं डोळ्यांना हललेलं दिसत नाही. कानाला फक्त एक सलग गुणगुण येते. ती तुटक आली तर काहीतरी बिघडलंय.

साडेसात

ओटीबाहेरच्या फळ्यावर यादी लागते. पेशंट, डोळा उजवा की डावा, आजार आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. तो आकडा गेजचा. सुयांचं असतं तसंच, आकडा वाढला की जाडी कमी. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २३ म्हणजे ०.६, २५ म्हणजे अर्धा आणि २७ म्हणजे ०.४ मिलिमीटर. नव्या मुली ड्यूटीला आल्या की हे उलटं गणित त्यांच्या अंगवळणी पडायला आठवडा जातो.

आज पहिल्या निवृत्त शिक्षिका: डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र, २५. दुसरे शिरोळकडचे काका: मधुमेह, उजव्या डोळ्यात रक्तस्राव आणि पडदा ओढलेला, २७. तिसऱ्या एक आजी: मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसरीकडे झालं, त्यात मोतीबिंदूचा कठीण गाभा मागे जेलीत पडला. त्यांच्यापुढे दोन आकडे, २३ आणि २०. चौथं सिलिकॉन ऑइल काढायचं, २३. खाली एक ओळ रिकामी. ती रिकामी राहणार नाही हे फळा लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

सव्वाआठ

ब्लॉक रूम. भूलतज्ज्ञ डोळ्याच्या खोबणीत इंजेक्शन देतात, दहा मिनिटांत डोळा बधिर आणि स्थिर होतो. पेशंट जागाच असतो. पहिल्या शिक्षिकाबाईंच्या डोळ्यात मी पाच टक्के पोव्हिडोन आयोडिनचे थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. जंतूंच्या विरोधात आमच्याकडे असलेलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं औषध. त्याला त्याची मिनिटं द्यावीच लागतात.

“सिस्टर, टाके नाहीत ना?” बाईंनी विचारलं.

“बहुतेक नाही लागणार.”

“मग छोटंच आहे म्हणायचं.”

हे वाक्य दर मंगळवारी कुणी ना कुणी बोलतंच. मोतीबिंदूच्या ‘बिनटाक्याच्या’ जाहिरातींनी लोकांच्या मनात एक हिशोब पक्का केलाय: टाका नाही म्हणजे ऑपरेशन किरकोळ. त्या हिशोबापायी कुणी उशिरा येतं, कुणी आल्यावर पथ्य पाळत नाही. बाईंना मी एवढंच सांगितलं की छेद छोटा आहे, आतलं काम आहे तेवढंच आहे, आणि त्यातलं अर्धं तुम्हालाच करायचंय. त्या शिक्षिका. गृहपाठ म्हटल्यावर त्यांना लगेच समजलं.

आठ चाळीस

मॅडम कॅलिपरने बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटर मोजतात. बाईंची नैसर्गिक लेन्स अजून जागेवर आहे म्हणून चार. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन कृत्रिम लेन्स बसलेली असती तर साडेतीन. डोळ्याच्या भिंतीत तेवढीच एक पट्टी अशी, की जिथून आत गेलं तर पुढे लेन्स लागत नाही आणि मागे पडदा लागत नाही.

मग ट्रोकार. हे एक बारीक धारदार पातं आणि त्यावर चढवलेली इवलीशी नळी. मॅडम आधी पांढऱ्यावरची पातळ त्वचा बाजूला सरकवून धरतात. पातं सरळ खुपसत नाहीत. तिरपं, जवळजवळ आडवं घालून थोडं पुढे नेतात, मग उभं करून आत ढकलतात. पातं बाहेर येतं, नळी भिंतीत राहते. तिच्या तोंडाशी झडप असते, त्यामुळे हत्यार बाहेर काढलं तरी पाणी उसळत नाही. असे तीन पोर्ट: एक आत पाणी सोडायला, एक दिव्याला, एक कटरला. पाण्याची नळी जोडली तरी मी कॉक उघडत नाही. नळीचं टोक खरोखर जेलीच्या पोकळीत आहे, मधल्याच थरात अडकलेलं नाही, हे मॅडम दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहतात आणि “ऑन” म्हणतात. तो “ऑन” येईपर्यंत माझा हात कॉकवर नुसता टेकलेला. चुकीच्या थरात पाणी गेलं तर पुढचा सगळा दिवस त्या एका डोळ्यात जाईल.

तिन्ही पोर्ट बसायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पूर्वी याच कामाला वेळ जायचा. मी नवी असताना २० गेजचे दिवस होते. आधी कात्रीने वरची त्वचा उलगडायची, लागेल तिथे रक्त जाळायचं, पात्याने तीन भोकं पाडायची, पाण्याची नळी टाक्याने बांधायची आणि शेवटी सगळं पुन्हा शिवायचं. पेशंट पंधरा दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखा चोळत बसायचा. आमचे मोठे सर तेव्हा शेवटच्या टाक्याला हमखास म्हणायचे, “पडद्याचं काम संपलं, आता शिंपीकाम.”

सरांकडूनच या सगळ्याचा उगम ऐकलेला. पडदा जागेवर बसवण्याचं ऑपरेशन स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ज्यूल गोनाँ यांनी १९२०च्या दशकात सुरू केलं, पण डोळ्यातली जेली बंद डोळ्यात शिरून काढता येते यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. ते १९७०मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी केलं. कटरचा पहिला नमुना त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये जुळवला आणि अंड्याच्या पांढऱ्यावर वापरून पाहिला. पुढे ज्याँ-मारी पारेल या इंजिनिअरने तो सुधारला. कापणं, ओढणं, पाणी सोडणं सगळं एकाच दांड्यात, म्हणून तो दांडा जाड आणि छेद दोन मिलिमीटरहून मोठा. थोड्याच वर्षांत कॉनर ओमॅली आणि राल्फ हाइन्ट्झ यांनी ही तीन कामं तीन भोकांत वाटून दिली आणि २० गेजची पद्धत आली. ती तीसेक वर्षं टिकली. मग घसरण पटापट: २००२मध्ये फुजी, द हुआन आणि हुमायून यांचं बिनटाक्याचं २५ गेज, २००५मध्ये जर्मनीत क्लाउस एकार्ट यांचं २३, २०१०मध्ये जपानमध्ये युसुके ओशिमा यांचं २७. आकडा मध्येच मागे का गेला, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “पहिली २५ची हत्यारं वाकायची. डोळा फिरवायला गेलं की दांडाच वाकतो आणि डोळा जागेवर. म्हणून २३.” आता दांड्याच्या मुळाशी ताठ आवरण असतं, तो त्रास बराच गेला.

बाईंची जेली निघाली. आता निळा रंग: ब्रिलियंट ब्लू. पडद्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला एक पारदर्शक थर असतो, जाडी दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण चारशेवा भाग. रंगाशिवाय तो दिसत नाही. फोर्सेप्सच्या टोकाने मॅडम त्याची कड उचलतात आणि छिद्राभोवती गोल सोलत नेतात. या वेळी ओटीत बोलणं बंद. दादा एसीचा झोतसुद्धा कमी करतो. निळा पापुद्रा पडद्यावरून सुटत जातो आणि त्याच्याखालचा भाग फिकट दिसतो, तिथे काम झालं हे मलाही सहाय्यकाच्या आयपीसमधून कळतं. पडद्यातल्या अशा छिद्रावर ऑपरेशनचा उपयोग होतो हे अमेरिकेत केली आणि वेंडेल यांनी १९९१मध्ये दाखवलं. त्याआधी डॉक्टर या पेशंटना ‘सवय करून घ्या’ एवढंच सांगू शकत होते.

पाणी काढून हवा, हवेच्या जागी गॅस. पोर्ट काढले. प्रत्येक जागेवर कापसाची काडी दाबून धरायची, मग तिथे बुडबुडा येतो का पाहायचं. खालचा पोर्ट किंचित झिरपत होता. मॅडमनी हात पुढे केला आणि मी ८-० व्हिक्रिल दिला. एक टाका.

बिनटाक्याच्या पद्धतीत टाका घालायला अनेक सर्जनांना कमीपणा वाटतो. आमच्या मॅडमना वाटत नाही, आणि माझ्या मते हेच शहाणपण आहे. २५ गेज नवं होतं तेव्हा पाती सरळ घुसवायचे आणि जखम आपोआप मिटेल असं धरून चालायचे. २००७मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी आपले आकडे छापले: २० गेजमध्ये डोळ्यात जंतुसंसर्ग ०.०१८ टक्के, २५ गेजमध्ये ०.२३ टक्के. जवळपास बारापट. पुढे तिरपा छेद, त्वचा सरकवून घेणं, आयोडिन आणि झिरपलं की बिनदिक्कत टाका, या सवयी लागल्या आणि हा फरक नंतरच्या पाहण्यांमध्ये मावळला.

साडेदहा

शिरोळचे काका. चार दिवसांपूर्वी त्यांना डोळ्यात इंजेक्शन दिलंय, नव्या फुटलेल्या रक्तवाहिन्या सुकवणारं. ते देऊन ऑपरेशन लांबवता येत नाही, कारण वाहिन्या सुकताना सोबतचे पट्टे आणखी आवळले जातात आणि पडदा ओढतात. म्हणून तारीख आधी ठरवायची आणि इंजेक्शन नंतर.

“काका, इतके दिवस कुठं होता?”

“उसाची तोड चालू हुती ओ सिस्टर. आन् डाव्या डोळ्यानं दिसत हुतं की.”

मधुमेहाचं हे असंच. एका डोळ्यात रक्त उतरतं, दुसरा काम चालवून घेतो, आणि साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत डोळा थांबेल असं माणूस गृहीत धरतो. काकांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या कमानीवरून जाड पांढरे पट्टे तयार झाले होते आणि त्यांनी पडदा तंबूसारखा वर उचलला होता.

आज सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि बारीक हत्याराची खरी कमाईही इथेच दिसली. पूर्वी अशा डोळ्यात माझ्या ट्रॉलीवर दोन तऱ्हेच्या कात्र्या असायच्या, एक उभी कापणारी, एक आडवी. पट्टा आणि पडदा यांच्यामध्ये कात्री सारायची, कापायचं, बाहेर काढायची, कटर घालायचं, पुन्हा कात्री. दर अदलाबदलीला डोळ्याला एक हिसका. २७ गेजच्या कटरचं तोंड अगदी टोकाजवळ असतं आणि दांडा इतका बारीक, की तेच पट्ट्याखाली शिरतं. मॅडम त्याच एका हत्याराने पट्टा उचलतात, तुकडे करतात, ओढून घेतात. कात्री आज मी उघडून ठेवली होती, ती शेवटपर्यंत लागली नाही.

वेग वाढवण्यामागचं कारणही इथेच कळतं. कटर आधी ओढतं, मग कापतं. सावकाश कापलं तर दर घासाला मोठा लचका आणि तेवढी पडद्याला ओढ. मिनिटाला दहा हजार काप घेतले की घास बारीक होतो आणि शेजारचा पडदा हलतसुद्धा नाही. नव्या दुहेरी पात्याची कटर्स जाता-येता दोन्हीकडे कापतात, वीस हजारांपर्यंत जातात.

मध्येच एका कमानीवरून रक्ताची धार सुटली. “प्रेशर पन्नास,” मॅडम म्हणाल्या. दादाने आतल्या पाण्याचा दाब वाढवला, धार बारीक होऊन थांबली, त्या जागी डायथर्मीचा एक ठिपका. दाब लगेच खाली. एवढा दाब जास्त वेळ ठेवला तर पडद्याचाच रक्तपुरवठा थांबतो, म्हणून दादा तोंडाने सेकंद मोजत होता. नंतर हिरव्या लेझरचे ठिपके, कडेकडेने शेकड्यांनी. आणि शेवटी पडदा दाबून धरायला सिलिकॉन ऑइल.

ऑइल भरताना मात्र बारीक नळीचा राग येतो. शहाळ्याची स्ट्रॉ बारीक निघाली की कितीही ओढा, घोट मिळत नाही, तसं. भौतिकशास्त्राचा नियमच आहे: नळीचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. त्यात हे घट्ट तेल. मशीनच्या दाबावरसुद्धा ते मुंगीच्या पावलांनी जातं. अशा वेळी मॅडम एक पोर्ट मोठा करून घेतात. चारही बाजूंनी २७च हवं असा हट्ट त्यांचा नाही. तेल मदुराईच्या ऑरोलॅबचं. परदेशी तेलाच्या किमतीत शिरोळच्या काकांचं ऑपरेशन बसलं नसतं.

पावणेएक वाजता काकांच्या डोळ्यावर पट्टी. पडदा बसलाय. किती दिसेल हे मॅडमनी त्यांच्या मुलाला सांगितलं नाही. “चालता-फिरता यावं एवढ्यासाठी आपण प्रयत्न केलाय,” एवढंच बोलल्या.

एक

भाकरी, वांग्याचं कालवण, आणि दाराशी कंपनीचा माणूस. त्याच्याकडे नवा पॅक: सगळं २७, सगळं एकदाच वापरून टाकायचं. पॅक सुंदर आहे. किंमत त्याने सांगितल्यावर मॅडमनी कालवणात भाकरी मोडली आणि विषय बदलला.

‘एकदाच वापरा’ असं छापलेली कटर्स देशात पुष्कळ ठिकाणी गॅसमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. गरीब पेशंटचा खर्च आवाक्यात ठेवायचा तर दुसरा मार्ग काय, असं विचारणाऱ्यांना मी एकदम गप्प करू शकत नाही. पण हत्यारं धुणारी बाई म्हणून माझं मत सांगते: २० गेजच्या नळीतून पाणी मारून आतला चिकटा निघाला असं म्हणता यायचं. ०.४ मिलिमीटरच्या नळीत काय राहिलंय ते मी पाहू शकत नाही, आणि जे मला दिसत नाही ते स्वच्छ आहे अशी सही मी करणार नाही. बारीक हत्यार हवं तर ते स्वस्तही बनवायला हवं, आणि ते काम इथल्या कारखान्यांचं आहे.

दोन

आजींचा मागे पडलेला मोतीबिंदू. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून २० गेजचं फ्रॅगमटोम निघालं. लेन्सचा गाभा इतका कठीण, की बारीक कटर त्याला चाटून जातं. अल्ट्रासाउंडने फोडूनच ओढावा लागतो, आणि ते हत्यार जाड. त्यामुळे दोन पोर्ट २३चे आणि एक जुन्या पद्धतीचा छेद, कात्रीपासून टाक्यापर्यंत. हा कप्पा आता बंद करूया असं स्टोअरवाले दरवर्षी म्हणतात. तो राहणार.

सव्वातीन

ओपीडीतून फोन. रिकामी ओळ भरली.

इचलकरंजीचा तरुण, चष्मा मायनस आठ. चार दिवस डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकत होत्या, काळे ठिपके तरंगत होते. आज सकाळपासून खालून वर काळा पडदा चढतोय. खालून चढतोय म्हणजे सुटलेला भाग वरचा, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. वरचा भाग सुटला की आतलं पाणी आपल्या वजनाने खाली, मधल्या नजरेच्या बिंदूकडे सरकतं. तो बिंदू अजून चिकटलेला होता. तो सुटण्याआधी पडदा बसवला तर नजर वाचते, नंतर बसवला तर पडदा बसतो पण नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही. त्याला लगेच आडवं केलं, हलू दिलं नाही, आणि ऑइल काढण्याची चौथी केस उद्यावर. त्या पेशंटचे नातेवाईक माझ्यावर चिडले. उपाशी माणूस सकाळपासून थांबलेला, चिडणारच. पण तेल एक दिवस थांबतं.

मला वाटलं आता २५चा पॅक उघडायचा. मॅडम म्हणाल्या, “बकल.”

बकल म्हणजे १९५०च्या सुमाराची विद्या. डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी टाक्यांनी बांधायची, भिंत आत दाबायची, पडद्याला पडलेली फाट बंद होते. पोर्ट नाहीत, जेलीला हात नाही, टाके मात्र भरपूर. तरुण डोळ्यात जेली पडद्याला घट्ट चिकटलेली असते, ती सोडवणं जिकिरीचं, आणि जेली काढली की मोतीबिंदूही लवकर गाठतो. त्यामुळे या मुलासाठी मोठ्या छेदाचं जुनं ऑपरेशनच बरं. फक्त पूर्वीसारखं डोक्यावर दिवा लावून वाकून फाट शोधली नाही. एकच २५ गेजचा पोर्ट घालून त्यातून छोटा झुंबर-दिवा आत सोडला आणि मायक्रोस्कोपखाली सगळं लख्ख दिसलं. मोठे सर असते तर त्यांना गंमत वाटली असती.

साडेपाच

धुणं. हे काम मी मावशींवर सोडत नाही. फोर्सेप्स ऊर्ध्वपातित पाण्यात, मग एन्झाइमच्या द्रावणात, नळ्यांमधून सिरिंजने पाणी, मग हवा. टायटॅनियमच्या फोर्सेप्सची टोकं मायक्रोस्कोपखाली धरून पाहायची. दोन्ही जबडे एकमेकांवर बरोबर बसतात का? केसाएवढा जरी फरक पडला तरी सकाळी बाईंचा तो चारशेव्या भागाचा थर पकडता आला नसता. सकाळची जोडी ठीक होती. टोकांवर सिलिकॉनच्या टोप्या चढवल्या. ही टोकं ट्रेच्या जाळीला लागून वाकतात, वापरून क्वचितच.

साडेसहा

वॉर्ड. बाई पालथ्या, उशीवर कपाळ टेकून. गॅसचा बुडबुडा वर तरंगतो, आणि तो मागच्या पडद्यावर टेकायला हवा तर चेहरा खाली हवा. त्यांनी मान न उचलता विचारलं, “किती दिवस?” मॅडमनी चार-पाच सांगितलेत. “बरं,” म्हणाल्या, आणि नातीला मोबाइलवर गोष्ट लावायला सांगितलं.

शेजारच्या खाटेवर तपासणीला आलेल्या कणकवलीच्या ताई, गेल्या आठवड्यात गॅस भरलेल्या. त्यांच्या यजमानांना घरी जायची घाई.

“सिस्टर, गाडी सावकाश चालवतंय, मग काय हरकत आसा?”

हरकत गाडीच्या वेगाला नाही, उंचीला आहे. उंचावर हवेचा दाब कमी, दाब कमी की गॅस फुगतो, आणि डोळ्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत, त्यामुळे आतला दाब चढतो. विमानप्रवासाला बंदी असते ती याचसाठी. घाटाचंही तेच, प्रमाण कमी. इथून घाट उतरून कोकणात जाताना बुडबुडा आकसेल, फारसं बिघडणार नाही. पण तिथे तो डोळा त्या दाबाला जुळला, की तपासणीसाठी परत गगनबावड्याचा चढ चढताना कपाळ ठणकायला लागेल. समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटर चढायचं तर गॅस सहा-सात टक्के फुगतो. भरलेल्या डोळ्याला तेवढंही पुष्कळ. “पावण्यांकडे रंकाळ्याजवळ राहताय तिथंच राहा,” मी सांगितलं, “बुडबुडा निम्म्याखाली आला की मॅडम सोडतील.” मनगटावरची पट्टीही दाखवली. गॅस आहे तोवर ती काढायची नाही. मध्येच दुसऱ्या कशासाठी भूल द्यावी लागली तर भूलतज्ज्ञाला हे कळायलाच हवं, कारण नायट्रस ऑक्साइड दिला तर तोही बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो.

सव्वासात

निघताना शिरोळच्या काकांचा मुलगा जिन्यात भेटला. वय चाळीसच्या आत, बुलेटची किल्ली बोटात फिरवत. वडिलांबद्दल चार प्रश्न विचारून झाल्यावर मी त्याला एक विचारला. हो, शुगर त्यालाही आहे, तीन वर्षं झाली. डोळे?

“मला काय झालंय? लख्ख दिसतंय की.”

वडिलांनाही हंगामाच्या आधी लख्खच दिसत होतं. आयसीएमआरच्या २०२३मध्ये छापून आलेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत, आणि पडद्यावर पहिले ठिपके उमटतात तेव्हा नजर बहुधा चांगलीच असते. त्या वेळी साखर-रक्तदाब आटोक्यात आणून किंवा लेझरने, इंजेक्शनने भागतं. २७ गेजची गरजच पडत नाही. त्याला मी उद्या सकाळी नऊची चिठ्ठी करून दिली.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा, दिसत असतानाच. थेंबांचा असर चार-सहा तास राहतो, तेव्हा येताना गाडी चालवणारं कुणीतरी सोबत आणावं.